सनदेआधीचं वकीलपत्र

बोस्टनच्या हाउसिंग कोर्टात, म्हणजे घरमालक-भाडेकरूंचे वाद चालतात तिथे, कायद्याच्या तिसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी पक्षकाराच्या वतीने उभी राहते, युक्तिवाद करते, साक्षीदार तपासते. वकिलीची सनद अजून मिळालेली नसते, तरी मॅसॅच्युसेट्स राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचा ३:०३ हा नियम तिला ही मुभा देतो. त्यासाठी डीनची मंजुरी लागते, पुराव्याच्या कायद्याचा किंवा खटला चालवण्याचा अभ्यासक्रम झालेला किंवा चालू असावा लागतो. पक्षकार गरीब हवा आणि फी घ्यायची नाही. देखरेखीला सनदधारक वकील असतो. मी इथे कायदा शिकते; आमच्या बाबतीत तो वकील म्हणजे आमच्या प्राध्यापिकाच.

लॉ क्लिनिक म्हणतात ते हेच. हार्वर्डचं विद्यार्थ्यांनी चालवलेलं लीगल एड ब्युरो तर १९१३ पासून सुरू आहे. गरजही मोठी आहे. फौजदारी खटल्यात गरीब आरोपीला सरकारी खर्चाने वकील द्यावाच लागतो, हे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९६३ च्या गिडियन निकालाने ठरलं. पण घर खाली करण्याचा दावा दिवाणी, तिथे तो हक्क नाही. घरमालकाकडे बहुधा वकील असतो, भाडेकरूकडे बहुधा नसतो.

ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून एक प्रकरण सांगते. बोस्टनच्या डॉर्चेस्टर भागात राहणाऱ्या एका बाईंचं भाडं थकलं होतं. त्यांची भाषा हैतीयन क्रिओल, म्हणून दुभाषी सोबत. त्यांनी पिशवीभर कागद टेबलावर ओतले. मी भाड्याच्या पावत्या लावत बसले. प्राध्यापिकांनी एवढंच विचारलं, "डिपॉझिटची पावती कुठाय?" ती नव्हतीच. इथल्या कायद्यानुसार घरमालकाने डिपॉझिट बँकेत वेगळ्या, व्याज देणाऱ्या खात्यात ठेवायचं आणि तीस दिवसांत बँकेचं नाव, खाते क्रमांक लिहून पावती द्यायची. पैसे तसे ठेवलेच नसतील तर तिपटीपर्यंत भरपाई मागता येते. शिवाय हिवाळ्यात हीटिंग बंद पडत होतं. दिवसा घरात ६८ अंश फॅरनहाइट, म्हणजे साधारण २० सेल्सियस, तापमान राखणं घरमालकावर बंधनकारक आहे. दोन्ही मिळून प्रतिदावा उभा राहिला. भाडेकरूचं येणं थकबाकीइतकं किंवा जास्त निघालं, तर भाडं थकलं म्हणून तिला घराबाहेर काढता येत नाही.

पुढची सगळी मेहनत माझी होती: कैफियत, कागदपत्रांची मागणी, समोरच्या वकिलाशी बोलणी. प्राध्यापिका शेजारी बसायच्या आणि मुद्दाम गप्प राहायच्या. सुरुवातीला त्या शांततेचा मला फार ताण यायचा. पण तडजोडीच्या अटींवर बाईंनी माझ्याकडे बघून "मी काय करू?" विचारलं, तेव्हा कळलं की निर्णय त्यांचा आहे आणि प्रत्येक अटीने त्यांचं काय होईल हे नीट सांगणं माझं काम आहे. हे कुठलंही पुस्तक शिकवत नाही. शेवटी बाई घरात राहिल्या, थकबाकीही बरीच कमी झाली.

पुण्यात बीए एलएलबी करताना मीही क्लिनिकल पेपर दिले: मूट कोर्ट (म्हणजे काल्पनिक खटल्यातला युक्तिवाद), ड्राफ्टिंग, कोर्टात बसून डायरी लिहिणं. मूट कोर्टाने बोलायला शिकवलं, त्याचं ऋण आहेच. पण त्यातला अपीलकर्ता कागदावरचा. कायदेविषयक शिबिरात गावकऱ्यांना हक्क सांगून आम्ही परत यायचो, त्यांची केस पुढे कोण नेणार हा प्रश्न तिथेच राहायचा.

खरं तर आपला कायदा इथे अमेरिकेच्या पुढे आहे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ नुसार कुठल्याही स्त्रीला, तिचं उत्पन्न न पाहता, दिवाणी दाव्यातही मोफत वकील मिळू शकतो. अडतं ते दुसरीकडे. पूर्णवेळ पगारी प्राध्यापकाला आपल्याकडे वकिली करता येत नाही, मग विद्यार्थ्यांच्या मागे उभं कोण राहणार? क्लिनिकच्या प्राध्यापकांपुरती सनद चालू ठेवू द्यावी आणि शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना निदान भाड्याच्या आणि पोटगीच्या प्रकरणांत त्यांच्या देखरेखीखाली उभं राहू द्यावं, असं मला मनापासून वाटतं. प्राध्यापकांपुरता तसा नियम बार कौन्सिलला, म्हणजे वकिलीचे नियम ठरवणाऱ्या संस्थेला, करता येईल, आणि त्यासाठी शिकवायला परत यायची माझी तयारी आहे.