व्हिटबी बघाच, पण कड्यावरची वाट 'सोपी' आहे असं कुणी सांगितलं तर ऐकू नका

आधीच सांगून टाकते. नॉर्थ यॉर्कशायरमधलं व्हिटबी हे गाव बघाच, इंग्लंडच्या किनाऱ्यावर मी जी काही गावं पाहिली त्यात इतका इतिहास एवढ्याशा जागेत दुसरीकडे कुठे नाही दिसला. पण व्हिटबी ते रॉबिन हूड्स बे (किनाऱ्यावरचंच दुसरं गाव) ही जी कड्यावरून जाणारी वाट आहे ना, तिला 'फॅमिली वॉक', 'जवळपास सपाट', 'दोन-अडीच तासात आरामात' असं लिहिणारे लोक एकतर ऐन उन्हाळ्यात कोरड्या जमिनीवरून गेलेत किंवा गेलेलेच नाहीत. आम्ही राहत होतो तिथल्या मालकाने पण हेच सांगितलं, ट्रेनर्स (साधे स्पोर्ट्स शूज) घालून जा, काही प्रॉब्लेम नाही. प्रॉब्लेम आहे. म्हणून हे सगळं लिहायला घेतलंय.

अंतर साधारण ११ किलोमीटर. हा क्लीव्हलँड वे या नॅशनल ट्रेलचा भाग आहे, १९६९ पासूनची वाट, हेल्म्सलीहून फाइलीपर्यंत १०९ मैल. खुणेचं चिन्ह म्हणजे एकॉर्न, ओक झाडाचं फळ, ते खांबांवर सगळीकडे दिसतं, त्यामुळे रस्ता चुकण्याची भीती नाही. चढ-उतार आकड्यात बघितले तर आपल्याकडच्या ट्रेकरला हसू येईल. पण आपल्या सह्याद्रीत पाय काळ्या कातळावर पडतो, पाऊस असला तरी कुठेतरी पकड मिळते. इथे कड्याच्या माथ्यावर हिमयुगात हिमनद्यांनी आणून टाकलेली चिकणमाती आहे, आणि दोन दिवस पाऊस पडला की ती बुटाच्या तळाला अशी थापली जाते की ग्रिप नावाचा प्रकार उरतच नाही. डाव्या-उजव्या हाताला बघाल तर एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला शेताची काटेरी तार, म्हणजे धरायलाही काही नाही.

सगळ्यात वाईट तुकडा मॉ वाइक होल नावाच्या घळीच्या आसपासचा. कोस्ट टू कोस्टवाले, म्हणजे आयरिश समुद्रापासून इथपर्यंत सगळा देश पायी ओलांडून येणारे लोक, ते इथेच या वाटेला येऊन मिळतात. ओढे समुद्राला मिळतात तिथे कडा चिरला गेलाय, त्यामुळे वाट खाली उतरते आणि लगेच वर चढते. उतारावर लाकडी फळ्या आडव्या ठोकून पायऱ्या केल्यात. पण फळीमागची माती वाहून गेली की पायरीची पायरी राहत नाही, पाण्याने भरलेला खड्डा होतो आणि त्याच्या पुढच्या कडेला शेवाळलेली फळी. फळीवर पाय ठेवाल तर सटकतो, खड्ड्यात ठेवाल तर घोट्यापर्यंत चिखल. आम्ही फळीच्या बाहेरून, गवतावरून, बाजूबाजूने आडवं पाऊल टाकत उतरलो, आमच्यातली एकजण दोनदा बसली, आणि समोरून एक कुटुंब लहान मुलाला पाठीवर घेऊन परत फिरताना दिसलं, त्यांनाही कुणीतरी हेच 'सोपी वाट' सांगितलेलं. मला त्या आईचा चेहरा अजून आठवतो आणि राग येतो. एक काठी तरी घ्याच, दोन असतील तर उत्तम, आणि बूट घोट्याच्या वरचे.

आता जे मला कुणी सांगितलं नाही आणि सांगायला हवं होतं ते: उलटं जा. व्हिटबीहून बस पकडून रॉबिन हूड्स बेला उतरा (एक्स ९३ जाते, स्कारबरोच्या दिशेची) आणि व्हिटबीकडे चालत या. बस गावाच्या वरच्या टोकाला सोडते, त्यामुळे दमलेल्या पायांनी गावातला जीवघेणा उतार आणि परत तोच चढ करावा लागत नाही. गाव बघायचं असेल तर सकाळी ताज्या पायांनी खाली धक्क्यापर्यंत जाऊन या, दगडी बोळ खूप सुंदर आहेत, एके काळी इथे दारू-चहाची चोरटी आयात जोरात चालायची. दुसरं म्हणजे शेवटची बस चुकेल ही धाकधूक राहत नाही, मुक्कामालाच पोचताय. आणि तिसरं, सगळ्यात मोठं: शेवटचा तासभर व्हिटबीची अ‍ॅबी, म्हणजे जुन्या ख्रिस्ती मठाचे भग्नावशेष, समोर दिसत राहते, लांबून, जवळ, आणखी जवळ. त्या नजाऱ्याने पाय आपोआप चालतात, खरंच.

वाटेत सॉल्टविक येतं. तिथे कडा असा उघडावाघडा, करडा, ओरबाडल्यासारखा का दिसतो ते माहिती करून घेऊन जा, मग मजा येते. १७ व्या शतकापासून इथे तुरटीचे कारखाने होते. तुरटी लागायची कापडाला रंग पक्का बसवायला आणि कातडी कमवायला. कड्यातला शेल दगड खणायचा, त्याचे मोठे ढीग करून महिनोन् महिने जाळायचे, मग पाण्यात भिजवायचे, आणि तुरटीचे खडे पाडायला त्यात माणसाचं मूत्र घालायचं. ते गोळा करून लंडनसारख्या शहरांतून बोटीने आणायचे! सॉल्टविक नॅब नावाचं जे टोक समुद्रात घुसलंय ते या खणण्यानेच कुरतडलं गेलंय.

याच टोकापाशी ३० ऑक्टोबर १९१४ ला रोहिल्ला नावाचं हॉस्पिटल जहाज वादळात खडकांवर आदळलं. मुळात ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीचं जहाज, आणि नाव ऐकून आपल्याला पानिपतातला नजीबखान रोहिला आठवणारच. जहाजावर २२९ माणसं. किनारा इतका जवळ की लोक कड्यावरून बघतायत, तरी पोचता येत नाही. वल्ह्यांची लाइफबोट लोकांनी हातांनी खडकांवरून ओढत नेली, तिने दोन खेपांत काही जणांना आणलं आणि मग ती फुटली. शेवटचे ५० जण १ नोव्हेंबरला टाइनमथहून आलेल्या मोटरच्या लाइफबोटीने काढले. पंच्याऐंशीच्या आसपास माणसं गेली. वाचलेल्यांत मेरी रॉबर्ट्स नावाची एक नर्स होती जी दोन वर्षांपूर्वी टायटॅनिकमधूनही वाचलेली. वल्ह्यांच्या बोटींऐवजी मोटरच्या बोटी हव्यात हे इथे सगळ्यांना पटलं. तिथे उभं राहून खाली त्या खडकांच्या रांगा बघा, हे सगळं अंगावर येतं.

एक गोष्ट अगदी कळकळीने. सॉल्टविकहून व्हिटबीच्या ईस्ट पिअरपर्यंत खालून, वाळूतून-खडकातून चालत जाता येतं असं काही जण सांगतात. भरतीचं टेबल नीट वाचता येत नसेल तर जाऊ नका. भरती आली की पाणी थेट कड्याच्या पायाला लागतं, वर चढायला जागा नाही, आणि वरून शेल कोसळत असतो तो वेगळाच. जायचंच असेल तर ओहोटी सुरू असताना निघा आणि पाणी वळायच्या आत बाहेर या. फॉसिल शोधायला लोक जातात, गोल वेटोळ्याचे अ‍ॅमोनाइट मिळतात, इथल्या दंतकथेप्रमाणे संत हिल्डाने सापांचे दगड केले ते हेच. शोधा, पण घड्याळ बघत.

गावाबद्दल थोडक्यात, कारण ते अवघड नाही. पहिला दिवस त्यातच गेला आणि छान गेला. एस्क नदी मध्ये, दोन्ही बाजूंना टेकडी, मध्ये १९०९ चा फिरणारा पूल, भरतीच्या वेळेला बोटींसाठी उघडतो आणि मग तुम्ही अडकता, पण बघायला छान वाटतं. पूर्वेकडे १९९ पायऱ्या चढल्या की सेंट मेरीज चर्च. पायऱ्यांवर मधूनमधून जे बाक आहेत ते शवपेट्या टेकवायला होते. चर्चच्या आत लाकडी खोक्यांसारखी बसायची जागा बघाच. कडा इतका खचतोय की २०१३ मध्ये स्मशानातली हाडं बाहेर आली होती.

वर अ‍ॅबी. ६५७ मध्ये हिल्डाने मठ सुरू केला, बाया आणि पुरुष दोघांचा, आणि प्रमुख ती. ६६४ मध्ये इथेच सभा भरली आणि नॉर्थम्ब्रियात, म्हणजे तेव्हाच्या उत्तर इंग्लंडमधल्या राज्यात, ईस्टर रोमच्या पद्धतीने पाळायचा हे ठरलं. कॅडमन नावाचा गुराखी, ज्याला गाता येत नव्हतं, त्याला स्वप्नात गाणं सुचलं आणि इंग्रजीतला नाव माहीत असलेला पहिला कवी तो झाला, ही गोष्ट बीड नावाच्या आठव्या शतकातल्या मठवासी इतिहासकाराने लिहून ठेवलीये. आत्ता जे भग्नावशेष उभे आहेत ते हिल्डाच्या काळातले नाहीत, १३ व्या शतकातले. १५३९ ला आठव्या हेन्रीने मठ बंद केला, आणि १६ डिसेंबर १९१४ ला जर्मन युद्धनौकांच्या माऱ्यात पश्चिमेच्या भिंतीला गोळे लागले. तिकीट आहे, ऑनलाइन आधी काढलं तर स्वस्त पडतं. माझं मत, काढा, आतून उंची कळते. पण संध्याकाळी उशीर झाला असेल तर भिंतीबाहेरून पण भरपूर दिसतं, जिवाला लावून घेऊ नका.

कॅप्टन कुक इथेच शिकाऊ खलाशी होता. त्याच्या मालकाचं, वॉकरचं घर ग्रेप लेनवर आहे, आता म्युझियम. कुकच्या पहिल्या सफरीचं एंडेव्हर मुळात कोळसा वाहणारं जहाज, १७६४ ला इथे बांधलेलं, आणि त्याच्या नंतरच्या सफरींची जहाजंसुद्धा व्हिटबीचीच. कोळशाची जहाजं सपाट बुडाची, मालाला जागा भरपूर, किनाऱ्यावर सरळ टेकवता येतात, म्हणून ती निवडली गेली. हे म्युझियम छोटं आहे पण अजिबात चुकवू नका, मला अ‍ॅबीइतकंच आवडलं. ड्रॅक्युलाचा जो बाजार आहे तो मात्र सोडून द्या. ड्रॅक्युला कादंबरीचा लेखक ब्रॅम स्टोकर १८९० मध्ये इथे राहिला, हे नाव त्याला इथल्याच वाचनालयातल्या पुस्तकात मिळालं, एवढं खरं. चर्चच्या अंगणात ड्रॅक्युलाची कबर शोधत फिरणारे लोक भेटतात. अशी कबर नाही.

आता खर्चाचं आणि फसवणुकीचं. व्हिटबी जेट म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या झाडांचं दगड झालेलं लाकूड, काळंभोर, आणि १८६१ ला नवरा अल्बर्ट गेल्यावर व्हिक्टोरिया राणीने शोकात काळे दागिने घालायला सुरुवात केली तेव्हा याचा धंदा फोफावला. एका दुकानात मला जेट म्हणून जे पेंडंट दाखवलं ते हातात घेतल्या घेतल्या गार आणि जड लागलं, म्हणजे काच. खरं जेट हलकं असतं आणि हाताला गार लागत नाही, आणि बिनचकाकीच्या चिनी मातीच्या तुकड्यावर घासलं की तपकिरी रेघ उमटते. दुकानदार असं करून दाखवायला तयार नसेल तर सरळ बाहेर पडा. मी पडले, आणि शेजारच्या बोळात कारागिराने समोर बसून घासून दाखवलं तिथे घेतलं, पैसे जास्त गेले पण वाईट वाटलं नाही.

आणि शाकाहारी मंडळींनो, हे मोठ्या अक्षरात वाचा. यॉर्कशायरमध्ये मासे आणि चिप्स पुष्कळ ठिकाणी बीफ ड्रिपिंगमध्ये, म्हणजे गाईबैलाच्या चरबीत तळतात. म्हणजे नुसत्या चिप्ससुद्धा! आई बरोबर होती, तिने आयुष्यात कधी अंडं खाल्लं नाही, आणि मी काउंटरवर विचारलं म्हणून कळलं, बोर्डवर शब्द नव्हता. ती मुलगी अगदी शांतपणे म्हणाली, हो, आम्ही नेहमी ड्रिपिंगमध्येच करतो. प्रत्येक ठिकाणी विचारा, 'व्हेजिटेबल ऑइल?' एवढंच. तेलात तळणारी दुकानं मिळतात. बाकी मासे खाणाऱ्यांनी इथे हॅडॉक खावा, कॉड नाही, आणि धुरावलेले किपर्स (हेरिंग मासे) तर न खाता येऊच नका. खाताना सीगल्सपासून जपा, मागून येतात आणि हातातलं नेतात.

पोचायचं कसं: गाडी असेल तर गावात पार्किंगसाठी घिरट्या घालू नका, सीझनमध्ये बाहेर पार्क अँड राइड असतं ते वापरा. आम्ही लीड्सहून कोस्टलायनर ८४० ने गेलो, यॉर्क, पिकरिंग करत मूर्सवरून जाते, वरच्या मजल्यावर पुढची सीट पकडा. ट्रेन मिडल्सब्रोहून एस्क नदीच्या खोऱ्यातून येते, सुंदर आहे पण दिवसातून मोजक्याच, टाइमटेबल बघून बेत करा. गॉथ वीकेंडला (काळ्या पेहरावातल्या गॉथ मंडळींचा मेळावा) खोल्यांचे भाव अंगावर येतात, तो प्रकार बघायचा नसेल तर तारीख तपासा.

राहता राहिलं ज्येष्ठांचं आणि लहान मुलांचं. त्यांना कड्याच्या वाटेवर नेऊ नका, पाऊस झाला असेल तर अजिबातच नाही. त्यांच्यासाठी सिंडर ट्रॅक आहे, स्कारबरो ते व्हिटबी जुन्या रेल्वेचा मार्ग, १९६५ ला रेल्वे बंद झाली आणि आता त्यावरून लोक चालतात, सायकली चालवतात. रेल्वेचा असल्यामुळे चढ हळूहळू येतो, पायऱ्या नाहीत, आणि व्हिटबीजवळ एस्कवरच्या १३ कमानींच्या लार्पूल पुलावरून जातो, विटांचा, प्रचंड. आईला मी दुसऱ्या दिवशी तिथून नेलं, पुलाच्या पुढेमागे तासभर चाललो, ती पुलावर थांबून खाली नदी आणि लांब अ‍ॅबी बघत बसली. पुन्हा गेले आणि आदल्या दोन दिवसांत पाऊस झालेला असेल, तर मीसुद्धा रॉबिन हूड्स बेला याच रस्त्याने जाईन, कड्याने नाही.