टपाल तिकिटांतून स्त्रीसुधारणा : नव्या मांडणीची प्रगती

माझ्या तिकीटसंग्रहातील या विषयाची पाने मी नव्याने लावायला घेतली आहेत. आधीची मांडणी तिकिटे निघाली त्या वर्षांप्रमाणे होती, त्यामुळे धोंडो केशव कर्वे (१९५८) पहिल्या पानावर येत आणि सावित्रीबाई फुले (१९९८) अगदी शेवटी. आता क्रम घटनांचा आहे : १८४८ची पुण्यातील मुलींची शाळा, विद्यासागरांच्या खटपटीने झालेला १८५६चा विधवाविवाहाचा कायदा, आणि मग पंडिता रमाबाई.

रमाबाईंचे तिकीट १९८९चे असले तरी ते कर्व्यांच्या आधी लावणे मला अत्यंत आवश्यक वाटते. त्यांनी १८८९मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू केले. तेथे शिकलेल्या गोदूबाई या विधवेशी कर्व्यांनी १८९३ साली विवाह केला आणि तीनच वर्षांनी पुण्यात विधवांसाठी आश्रम काढला. दोन्ही तिकिटे शेजारी आली की हा धागा वाचणाऱ्याच्या लगेच ध्यानात येतो. कर्व्यांचे तिकीट वापरलेले आहे. कोमट पाण्यात मागे चिकटलेला कागद सुटला, टीपकागदावर वाळवताना शिक्क्याची शाईही फिसकटली नाही आणि कडेचे दाते सगळे शाबूत राहिले.

मराठवाड्यातील संग्राहकाने या विषयात निजामाची तिकिटे घ्यायलाच हवीत, असे माझे ठाम मत आहे. १८५६चा कायदा काय किंवा संमतिवय (मुलीची शरीरसंबंधास संमती ग्राह्य धरण्याचे किमान वय) दहावरून बारावर नेणारा १८९१चा कायदा काय, दोन्ही ब्रिटिश मुलखासाठी होते आणि आपला प्रदेश हैदराबाद संस्थानात होता. हा फरक दाखवण्यासाठी १९३१च्या मालिकेतील अजिंठ्याच्या प्रवेशद्वाराचे आठ आण्यांचे तिकीट मी कायद्यांच्या पानासमोर लावले आहे. ते नंतरच्या काळातले असले, तरी संस्थानाचे टपाल वेगळे होते हे त्यातून स्वच्छ दिसते.

ताराबाई शिंदे यांच्या पानावर तिकीट नाही, तरीही ते पान मी ठेवणार आहे. विजयालक्ष्मी या सुरतेच्या विधवेला भ्रूणहत्येबद्दल शिक्षा झाली, तेव्हा समाजाने पुरुषाला मोकळे सोडून सगळा दोष बाईच्या माथी मारला. त्याला ताराबाईंनी १८८२मध्ये ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहून जे उत्तर दिले, त्याच्या धारेचे लेखन त्या काळात क्वचितच सापडते. त्या बुलढाण्याच्या, म्हणजे आपल्या जालन्याला लागूनच असलेल्या मुलखातल्या. पण तेथील कारभार १८५३पासून इंग्रजांकडे होता. म्हणून या पानावर सीमा दाखवणारा नकाशा हाताने काढत आहे.

निजामाच्या १९३१च्या मालिकेतील दौलताबादच्या मिनाराचे एक रुपयाचे तिकीट अजून मिळालेले नाही. कोणाकडे जादाचे असल्यास रमाबाई रानडे (१९६२) यांचे कोरे तिकीट बदल्यात देईन.