आबाजींचा सोमवार

नागपूर, सोमवार. रात्रीचे साडेअकरा.

काल आबाजींच्या, म्हणजे माझ्या आजोबांच्या, पुण्यानुमोदनाचा (निधनानंतरच्या बौद्ध विधीचा) कार्यक्रम आटोपला. आज दुपारी मांडववाला खुर्च्या मोजून घेऊन गेला, उरलेली बुंदी शेजारपाजारी वाटली आणि घर एकदम मोकळं झालं. आबाजींचा जीवन परिचय लिहायचं काम माझ्याकडे होतं. छापायला देण्याआधी मोठ्या बाबांनी तो वाचला आणि त्यातली एकच ओळ खोडली. ‘त्यांना गोल्फची आवड होती.’ म्हणाले, "लोक हसतील ना बाप्पा. मिलचा माणूस अन् गोल्फ? उगाच मोठेपणा दाखवून राहिले असं वाटते." घरात पाहुणे भरलेले, मी वाद घातला नाही. पण ती ओळ गेल्यावर जे छापून आलं ते शेजारच्या कोणत्याही भल्या म्हाताऱ्याला लागू पडलं असतं. म्हणून आज वहीत लिहून ठेवते.

छापलेलं आधी. आबाजी 1950 साली एम्प्रेस मिलमध्ये बदली कामगार म्हणून लागले आणि 1990 साली निवृत्त झाले. जमशेटजी टाटांनी 1 जानेवारी 1877 ला सुरू केलेली ही मिल, जुम्मा तलावाच्या काठची. तिच्या भोंग्यावर अर्धं शहर घड्याळ लावायचं असं आबाजी सांगत. आमच्या उत्तर नागपुरातली बेझनबागसुद्धा मिलचे व्यवस्थापक बेझनजी मेहता यांच्या नावाची. आबाजी रिंग खात्यात, म्हणजे सूत कातायच्या विभागात होते. चात्या फिरत असतात, धागा तुटतो, तो चालत्या यंत्रावर बोटाने जोडायचा आणि पुढच्या चातीकडे जायचं. पाळीभर चालणं. धागा तुटू नये म्हणून खात्यात मुद्दाम ओलावा ठेवत, त्यामुळे मे महिन्यात बाहेर सगळं कोरडं भाजत असताना हे आत घामाने निथळत. कापसाचा भुसा नाकातोंडात जायचा. खोकला शेवटपर्यंत सोबत राहिला.

मी एकदा विचारलं होतं, रिंग खात्यातच का, कापड खात्यात पगार जास्त होता ना? तेव्हा त्यांनी मुंबईच्या गिरण्यांचं सांगितलं. तिथे कापड विणताना मागाच्या धोट्यातला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, म्हणून विटाळाच्या नावाखाली आपल्या लोकांना मागावर उभंच करत नसत. बाबासाहेबांनी 1928 च्या संपात हा प्रश्न लावून धरला होता. स्वतःबद्दल मात्र एवढंच म्हणाले, "मले जिथं लावलं तिथं लागलो." यापुढे विषय नाही.

मिल 2002 साली बंद पडली, आता तिथे मॉल आहे. आबाजी एकदा आले होते आमच्यासोबत. आइस्क्रीम खाल्लं, बरं होतं म्हणाले.

धम्माचं मोठ्या बाबांनी काल भाषणात छान सांगितलं. 14 ऑक्टोबर 1956, रविवार. आबाजी शनिवारची रात्रपाळी संपवून घरी न जेवता थेट व्हॅक्सिन इन्स्टिट्यूटच्या मैदानावर गेले. पांढरे कपडे आदल्या दिवशीच धुऊन मिलमधल्या मित्राकडे ठेवले होते. बाबासाहेबांनी चंद्रमणी महास्थवीरांकडून दीक्षा घेतली आणि मग समोरच्या लाखो लोकांना दिली. आबाजींना बावीसच्या बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ होत्या. पौर्णिमेला विहार, वर्षावासात ग्रंथवाचन, दसऱ्याला दीक्षाभूमीवर येणाऱ्यांना पाणी वाटायला उभं राहणं, हे पाय चालत होते तोवर सुटलं नाही. उपदेश मात्र करत नसत. आम्हा नातवंडांना संध्याकाळी पंचशील म्हणायला बसवत, आणि कोणी पेंगलं तर पेंगू देत.

आता खोडलेली ओळ.

मिलमध्ये लागण्याच्या कितीतरी आधी, दहा-अकरा वर्षांचे असताना, आबाजी एका साहेबी क्लबात कॅडी होते. बॅग उचलायची, चेंडू कुठे पडला ते डोळ्यात धरायचं, गवतातून शोधून काढायचा. पैसे फेरीवर. साहेब गेले, देशी साहेब आले, बॅग तीच राहिली असं ते हसून सांगत. व्हरांड्याची पायरी चढायची परवानगी नव्हती. पाणी नळावर प्यायचं. हे सांगताना आवाज वाढत नसे, त्यामुळे ऐकणाऱ्याला जास्त लागायचं. पण लगेच पुढचं वाक्य यायचं, "पण खेळ भारी आहे, पोरी." या दोन वाक्यांची संगती लावायचा मी बराच प्रयत्न केला. त्यांना लावायची गरज वाटत नव्हती.

सोमवारी क्लब बंद असायचा आणि त्या दिवशी कॅडींना खेळू देत. मिलमध्ये लागल्यावरही आबाजींनी ही सवलत सोडली नाही. पहिली पाळी असली की सोमवारी भोंगा झाल्यावर सायकल तिकडे वळायची. आजी शेजारणींना सांगे, युनियनच्या मीटिंगला गेले. त्यांच्याकडे काठ्या तीनच होत्या: पाच नंबर, सात नंबर आणि एक पटर, शेवटचा हलका शॉट मारायची काठी. भंगारवाल्याकडून घेतलेल्या. मुठीवरचं चामडं केव्हाच गेलेलं. तिथे त्यांनी रिंग खात्यातली टाकून दिलेली सुती पट्टी गुंडाळली होती, चाती फिरवते ती. घट्ट, तिरकी, एकावर एक अर्धी चढवलेली. आज दुपारी सात नंबर हातात घेतला तर पट्टी अजून तशीच आहे, फक्त घामाने चॉकलेटी झालेली. अंगठ्याच्या जागी खळगा पडलाय. माझा अंगठा त्यात बसत नाही, त्यांचा हात मोठा होता.

त्या काळी मैदानावर हिरवळ कसली असणार! नागपूरच्या उन्हात गवत टिकवायला पाणी कोण देतं? शेवटचा हलका शॉट मारायची जागा म्हणजे तेल घालून दाबलेली वाळू. तिला ब्राउन म्हणत. खेळून झालं की लाकडी फळी ओढून आपल्या पावलांचे ठसे पुसायचे. आबाजींना पुढे टीव्हीवरची हिरवीगार मैदानं दाखवली तर म्हणाले, "गालिच्यावर कोणीही खेळते."

मी सातवीत असताना ते मला रिकाम्या प्लॉटवर घेऊन जात. एकदा पाय घसरला आणि काठी चेंडूच्या वरून गेली. चेंडू जागेवरच. आबाजींनी मोजायला बोट दुमडलं, एक. मी म्हटलं, लागलाच नाही ना, आणि इथे बघतंय कोण? म्हणाले, "मारला तर मोजाचा. मोजाचा नाही तर मी का आंबे पाडून राहिलो?" गोल्फचा नियमच तसा आहे: मारण्याच्या हेतूने काठी फिरली की चेंडू हलो न हलो, शॉट धरायचा. रोजच्या खेळात पंच नसतो. आपले शॉट आपणच मोजायचे आणि खरे सांगायचे. त्या संध्याकाळी पंचशील म्हणताना ‘मुसावादा वेरमणी सिक्खापदं समादियामि’, म्हणजे खोटं बोलण्यापासून दूर राहीन, हे आलं आणि आबाजींनी एक डोळा किंचित उघडून माझ्याकडे पाहिलं. मला हसू आवरेना. आजीचा धपाटा मला बसला, त्यांना नाही.

1991 साली अली शेर इंडियन ओपन जिंकला. दिल्लीचा, तोही आधी कॅडी होता. आबाजींनी पेपरातला फोटो कापून बाबासाहेबांच्या तसबिरीखालच्या फळीवर उभा केला. बुद्ध, बाबासाहेब आणि खाली अली शेर! मोठ्या बाबांना तेव्हाही ते पटलं नव्हतं. 1993 मध्ये तो पुन्हा जिंकला तेव्हा आबाजी म्हणाले, "आता तं काढणारच नाही." पुढे रंगकामात तो कागद कुठे गेला कोण जाणे.

मोठ्या बाबांचंही मला कळतं. बापाने पाळ्या करून त्यांना इंजिनिअर केलं. त्यांना बाप कष्टाळू आणि धम्माचा हवा आहे, तसा तो होताच. पण ज्या मैदानावर नोकर होता, तिथेच आठवड्यातून एकदा मजेसाठी जाणारा बाप त्यांना अवघड जातो. मला तोच सगळ्यात आवडतो. त्या दुपारी ते कोणासाठी काही करत नव्हते. आमच्यासाठीही नाही.

काल कार्यक्रम संपता संपता एक अगदी म्हातारे गृहस्थ आले. नातवाचा हात धरून, पांढरा सदरा. फुलं वाहिली, त्रिशरण म्हटलं, मग मला बाजूला घेऊन विचारलं, "सात नंबर कोणाकडे हाय?" मी आतून आणून दिला. त्यांनी तो उलटासुलटा केला, पट्टीवरून नख फिरवलं. ते सोमवारचे जोडीदार निघाले, कॅडी होते तेव्हापासूनचे. मी विचारलं, आबाजी कसे खेळायचे हो? मनात जय्यत तयारी होती, मोठ्या बाबांना ऐकवायला.

"काही खास नाही," ते म्हणाले. "सरळ माराचा, पण पटर हातात आला का कापे. हरला का तर्री पोहे, असं ठरलं होतं. मले त्याच्याकडून किती प्लेटी येणं हाय, हिशेबच नाही."

मोठे बाबा मागे उभे होते. त्यांनी ऐकलं. खिशात हात घालायला लागले तर म्हाताऱ्यांनी जोरात मान हलवली, पैसे नको, पोहे पाहिजेत. गुरुवारी सकाळी त्यांना घ्यायला जायचं ठरलंय. गाडी मोठे बाबा काढणार आहेत.