मिस फरार कोणत्या खणात?

जुन्या मराठी नियतकालिकांची विषयसूची तयार करणे हे माझे रोजचे काम. बाहेरच्यांना वाटते तसे आम्ही हातमोजे घालत नाही. मोज्यातून कागदाचा ठिसूळपणा बोटांना कळत नाही आणि कडेचा तुकडा हातात येतो. हात धुऊन, पूर्ण कोरडे करून, पानाखाली तळवा सरकवत पान उलटायचे.

१८५३ सालच्या ‘ज्ञानोदय’ या अमेरिकन मिशनच्या नियतकालिकाच्या नोंदी तपासताना एक नोंद ‘फरारी गुन्हेगार’ या विषयाखाली दिसली. पान काढले, तर ती जोतीराव फुल्यांनी आपल्या शाळांविषयी सांगितलेली हकिकत. नगरला मिस फरार यांच्या मुलींच्या शाळा पाहिल्याचा उल्लेख तीत आहे. संगणकाने ‘फरार’ शब्द उचलला आणि तपासणाऱ्याने पान न पाहताच मान्यता दिली. आधी हसू आले, मग संताप.

सिंथिया फॅरार अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायरच्या. १८२७ मध्ये, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, मुलींच्या शाळांवर देखरेख करण्यासाठी याच मिशनतर्फे त्या एकट्या, अविवाहित अशा मुंबईला आल्या. मध्यंतरी प्रकृतीमुळे मायदेशी जावे लागले. १८३९ मध्ये परतल्या त्या नगरला, आणि १८६२ मध्ये तिथेच वारल्या. मिशनच्या कागदांत बायका बहुधा नवऱ्याच्या नावामागे येतात. या बाई स्वतःच्या नावाने आल्या, आणि आमच्याकडे नेमके ते नावच त्यांच्या मुळावर आले.

दुरुस्ती सोपी वाटली होती. मुख्य नोंद ‘फॅरार, सिंथिया’ अशी केली. पण छापील पानावर ‘फरार’ आहे आणि अभ्यासक तेच शोधणार, म्हणून ‘फरार, मिस – पाहा’ अशी जोडनोंद दिली. अडले ते परिचयाच्या एका ओळीपाशी. सवयीने ‘सावित्रीबाई फुले यांच्या शिक्षिका’ असे लिहून गेलो. लिहिलेले वाचले आणि खोडले, कारण सावित्रीबाईंचे नगरचे प्रशिक्षण हा बाईंच्या तीन दशकांहून अधिक कामातला एक तुकडा. ‘शिक्षिका, मुंबई व अहमदनगर’ असे केले आणि सावित्रीबाईंच्या नोंदीतून इकडे जोड दिली.

दुसऱ्या दिवशी वरिष्ठांनी पहिलीच ओळ परत घातलेली होती. “लोक तिथूनच येतात हो,” ते म्हणाले. खोटे नव्हते ते. नोंद अजून मी अंतिम केलेली नाही.