भीमबेटका, आणि आपला माळवा

काल इंदूरहून आईला आणि भाच्याला घेऊन आदिमानवाची गुहाचित्रं बघायला भीमबेटकाला जाऊन आलो. भोपाळच्या पुढे साधारण ४५ किमी, विंध्याच्या डोंगरात. संग्रहालयासारखं छत नाही, काचेची कपाटं नाहीत; हजारो वर्षं माणूस जिथे राहिला तिथेच उभं राहून बघायचं.

इथे सातशेहून जास्त शैलाश्रय (खडकांतले नैसर्गिक आसरे) आहेत, आपल्याला त्यातले निवडकच बघता येतात. एका खडकावर इतके प्राणी रंगवलेत की त्याचं नावच ‘झू रॉक’. हत्ती, सांबर, हरणं. एका काळातल्या चित्रावर पुढच्या काळातल्या माणसांनी परत चित्रं काढलीत. भाचा तिथून हलायलाच तयार नव्हता.

मला मात्र वेगळीच गोष्ट भिडली. ताम्रपाषाण काळातल्या (माणूस दगडासोबत तांब्याची हत्यारं वापरू लागला तेव्हाच्या) चित्रांवरून अभ्यासक सांगतात की इथल्या गुहांमधल्या लोकांची माळव्याच्या सपाटीवरच्या शेतकऱ्यांशी देवाणघेवाण होती. म्हणजे आपल्या काळ्या मातीत शेती करणारे आणि हे डोंगरातले शिकारी एकमेकांना ओळखत होते! ऊर भरून आला.

ही जागा १९५७ साली जगासमोर आणली ती आपल्या पुरातत्त्वज्ञ विष्णु श्रीधर ऊर्फ हरिभाऊ वाकणकरांनी. जन्म नीमचचा, कर्मभूमी उज्जैन. युनेस्कोची मान्यता २००३ मध्ये मिळाली, तेव्हा हरिभाऊ नव्हते याचं खरंच वाईट वाटतं.

इंदूरच्या मराठी मंडळांनी मुलांची सहल इथे जरूर न्यावी. थंडीत जा, पाणी सोबत ठेवा आणि चित्रांना हात लावू देऊ नका.