पार्टिशन टेबल गेलेल्या हार्ड डिस्कमधून फायली परत काढताना : माझा अनुभव

नागपुरात महाल भागात माझ्या मामांचे डीटीपीचे छोटे दुकान आहे. लग्नपत्रिका, पावती पुस्तके आणि शाळांच्या प्रश्नपत्रिका यांवर ते चालते. ऐन मे महिन्यात, दुपारी वीज दोन-तीनदा जाऊन परत आल्यावर, दुकानातला मुख्य संगणक सुरूच होईना. पडद्यावर 'ऑपरेटिंग सिस्टिम नॉट फाउंड' एवढीच ओळ येत होती. दुरुस्तीला आलेल्या मुलाने डिस्क फॉरमॅट करून विंडोज नव्याने टाकून देण्याची तयारी दाखवली, तेव्हा मामांचा मला फोन आला. ''तो पोरगा फॉरमॅट करून देतो म्हणते. मंग माझ्या फायली राहीन काय त्याच्यात?'' त्यांना म्हटले, ''मामाजी, संगणक बंदच ठेवा. मी येईपर्यंत कोणाला हात लावू देऊ नका.''

जाऊन पाहिले तर बायोसमध्ये (संगणक सुरू होताना आधी चालणाऱ्या मूळ प्रोग्रॅममध्ये) डिस्कचे नाव आणि १ टीबी ही क्षमता बरोबर दिसत होती, आणि डिस्क फिरताना टकटक किंवा घासल्यासारखा आवाज येत नव्हता. पुढचे सगळे काम घरी करायचे की नाही, हे या आवाजावरच ठरते. तसा आवाज येत असता तर मी ती डिस्क पुन्हा चालूच केली नसती, कारण आतले हेड, म्हणजे तबकडीवरून वाचणारी टोके, बिघडलेले असताना डिस्क फिरवत राहिल्यास तबकडीवरचा थरच खरवडला जाऊ शकतो, आणि मग कोणतेही सॉफ्टवेअर उपयोगी पडत नाही. ते काम स्वच्छ खोली असलेल्या प्रयोगशाळेचे आहे.

डिस्क काढून डॉकद्वारे, म्हणजे सुटी डिस्क बाहेरून जोडायच्या उपकरणाद्वारे, माझ्या लॅपटॉपला जोडली, तेव्हा विंडोजने तिला 'नॉट इनिशियलाइज्ड' ठरवले आणि एमबीआर किंवा जीपीटी या पार्टिशन टेबलच्या प्रकारांपैकी एक निवडून ती 'इनिशियलाइज' करायची का, असे विचारले. बहुतेकांची डिस्क याच चौकटीपाशी आणखी बिघडते, कारण 'ओके' दाबताच डिस्कच्या सुरुवातीला नवी, रिकामी नोंद लिहिण्याचा प्रयत्न होतो. मी 'कॅन्सल' दाबले आणि पुढचे काम लिनक्सच्या लाइव्ह पेनड्राइव्हवरून, म्हणजे इन्स्टॉल न करता थेट चालणाऱ्या लिनक्सवरून, करायचे ठरवले.

येथे पार्टिशन टेबलविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. डिस्कचे सी, डी, ई असे जे भाग पाडलेले असतात ती पार्टिशने, आणि त्यांची नोंदवही म्हणजे पार्टिशन टेबल. १९८३ मध्ये पीसी डॉसच्या २.० आवृत्तीबरोबर आलेल्या एमबीआर पद्धतीत डिस्कचा पहिलाच ५१२ बाइटांचा सेक्टर, म्हणजे वाचण्या-लिहिण्याचा छोटा तुकडा, सगळा कारभार सांभाळतो. त्यातले ४४६ बाइट संगणक सुरू करणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमसाठी असतात, त्यापुढे प्रत्येकी १६ बाइटांच्या ४ नोंदी असतात आणि शेवटचे २ बाइट ओळखखूण म्हणून असतात. कोणते पार्टिशन कोणत्या सेक्टरपासून सुरू होते आणि किती सेक्टरांचे आहे, हे त्या ६४ बाइटांत लिहिलेले असते. फायलींची नावे आणि त्यांचे पत्ते मात्र तेथे नसतात. विंडोजच्या एनटीएफएस या फायली साठवण्याच्या पद्धतीत ते प्रत्येक पार्टिशनच्या आत, मास्टर फाइल टेबलमध्ये असतात. तलाठ्याच्या दप्तरातून सातबारा हरवला म्हणून शेत जागेवरून हलत नाही, तसेच हे आहे. धोका असतो तो त्या गोंधळात दुसऱ्याच कोणी शेतात नांगर घालण्याचा.

पार्टिशन टेबल उगाच बिघडत नाही, कारण रोजच्या वापरात त्या सेक्टरवर सहसा काही लिहिले जात नाही. म्हणून आधी स्मार्ट अहवाल, म्हणजे डिस्कने स्वतःच्या प्रकृतीची ठेवलेली नोंद, काढला. १९७ क्रमांकाची नोंद, म्हणजे वाचता न आल्यामुळे ताटकळत ठेवलेल्या सेक्टरांची संख्या, शून्याच्या वर होती. याचा अर्थ डिस्क यांत्रिकदृष्ट्या चालत असली तरी तबकडीवर वाचता न येणाऱ्या जागा तयार झाल्या होत्या. अशा डिस्कवर चेकडिस्क हे विंडोजचे डिस्क तपासण्याचे साधन चालवणे मला कधीच पटलेले नाही. ते 'दुरुस्ती' म्हणून मूळ डिस्कवरच लिहीत जाते, आणि जे वाचता आले नाही त्याच्या नोंदी कापून टाकते.

म्हणून आधी संपूर्ण डिस्कची सेक्टरनिहाय प्रतिमा, म्हणजे हुबेहूब प्रत, घ्यायची, आणि पुढे जे करायचे ते त्या प्रतिमेवर, असे ठरवले. १ टीबीच्या डिस्कची प्रतिमा दुसऱ्या १ टीबीच्या डिस्कवर फाइल म्हणून मावत नाही, कारण फाइल सिस्टिमला, म्हणजे फायली साठवण्याच्या मांडणीला, स्वतःलाही थोडी जागा लागते. शिवाय फॅट३२ या जुन्या मांडणीत एक फाइल ४ जीबीपर्यंतच जाऊ शकते. त्यामुळे सीताबर्डीच्या बाजारातून २ टीबीची बाहेरून जोडायची डिस्क आणली आणि ती लिनक्सच्या ईएक्सटी४ पद्धतीने तयार करून घेतली. प्रतिमेसाठी अँटोनिओ दियाझ दियाझ यांचा जीएनयू डीडीरेस्क्यू हा प्रोग्रॅम वापरला. साध्या कॉपीच्या प्रोग्रॅमला वाईट सेक्टर लागला की तो तेथेच अडून बसतो किंवा थांबतो. डीडीरेस्क्यू आधी जे सहज वाचता येते ते सगळे उचलतो, अडचणीच्या जागा ओलांडून पुढे जातो आणि शेवटी त्या जागांकडे परत येतो. कोणता भाग वाचून झाला, कोणता राहिला, याची नोंद तो मॅप फाइलमध्ये ठेवतो. आज्ञा देताना मूळ डिस्क कोणती आणि नवी कोणती हे क्षमता व अनुक्रमांक पाहून पुन्हा तपासले, कारण येथे अदलाबदल झाली तर रिकामी डिस्क भरलेलीवर उतरवली जाते.

नागपूरच्या उन्हाळ्याने या कामात स्वतःची भर घातली. लॅपटॉपला बॅटरी असते म्हणून वीज गेल्याने काही बिघडणार नाही असे वाटेल, पण ३.५ इंची डिस्कला १२ व्होल्टचा वेगळा पुरवठा लागतो आणि तो डॉकच्या अडॅप्टरमधूनच येतो. म्हणून डॉक दुकानातल्या यूपीएसवर घेतला. डिस्कचे तापमान पन्नाशी ओलांडू लागले तेव्हा तिच्यावर टेबलफॅनचा वारा सोडला. कूलरच्या झोतात मात्र ठेवली नाही, कारण त्या हवेत ओल असते. एकदा वीज इतका वेळ गेली की यूपीएसनेही मान टाकली. पण मॅप फाइल असल्यामुळे तीच आज्ञा पुन्हा दिल्यावर काम थांबले होते तेथूनच पुढे सुरू झाले. एवढ्यासाठीच मी नागपुरात हा प्रोग्रॅम कोणालाही सुचवीन.

प्रतिमा पूर्ण झाल्यावर मॅप फाइल उघडली, तेव्हा पहिल्याच वाईट नोंदीने सगळा उलगडा केला. डिस्कच्या अगदी शून्याव्या बाइटपासून बरोबर ४०९६ बाइट वाचता आलेले नव्हते. अलीकडच्या बहुतेक डिस्क बाहेर ५१२ बाइटांचे सेक्टर दाखवतात, पण तबकडीवर त्या ४०९६ बाइटांचे भौतिक सेक्टर वापरतात. असा एक भौतिक सेक्टर गेला की दाखवायचे ८ सेक्टर एकदम जातात. येथे नेमका पहिला गेला होता, आणि त्याच्याबरोबर एमबीआरही. बाकी वाईट जागा डिस्कभर तुरळक विखुरलेल्या होत्या.

पुढचे काम ख्रिस्तोफ ग्रेनिए यांच्या टेस्टडिस्कचे. हा प्रोग्रॅम विनामूल्य आहे आणि तो थेट प्रतिमेच्या फाइलवरही चालतो. टेबलचा प्रकार 'इंटेल' (एमबीआरचे या प्रोग्रॅममधले नाव) निवडून 'अॅनलाइज' आणि मग 'क्विक सर्च' केले की तो पार्टिशनच्या सुरुवातीचे, त्याची मांडणी सांगणारे बूट सेक्टर हुडकून त्यांवरून हरवलेल्या नोंदी पुन्हा मांडतो. अपेक्षा चार पार्टिशनांची होती आणि यादीत निघाली पाच! शिवाय वर 'स्ट्रक्चर : बॅड' असा शेरा. कारण शोधायला फार वेळ लागला नाही. या डिस्कवर आधी विंडोज एक्सपी होते आणि त्या काळचे पार्टिशन ६३ व्या सेक्टरपासून सुरू होत असे. नंतर विंडोज ७ टाकताना मांडणी २०४८ व्या सेक्टरपासून झाली, पण ६३ व्या सेक्टरवरचा जुना बूट सेक्टर कोणी पुसला नव्हता. तो मोकळ्या पट्ट्यात तसाच पडून राहिला, आणि आता तो नव्या पार्टिशनांवर हक्क सांगत होता. 'पी' दाबून प्रत्येक पार्टिशनमधल्या फायलींची यादी पाहिली. जुन्याची यादी उघडेचना, बाकीच्यांत मात्र मामांचे ओळखीचे फोल्डर दिसले. जुन्याला 'डी', म्हणजे वगळलेले, अशी खूण केली; १०० एमबीच्या 'सिस्टिम रिझर्व्हड'ला सुरू होणारे, सी आणि डी ड्राइव्हना प्राथमिक व ई ड्राइव्हला लॉजिकल ठरवले, आणि ओळी हिरव्या झाल्या.

येथे 'राइट' दाबून टेबल लिहिता आले असते, पण त्याची गरज नव्हती. मला हवे होते ते फक्त आकडे. सी ड्राइव्ह २,०६,८४८ व्या सेक्टरपासून सुरू होत होता. त्याला ५१२ ने गुणले की १०,५९,०६,१७६ येतात. लिनक्सला तेवढे बाइट सोडून प्रतिमा केवळ वाचनासाठी जोडायला सांगितले आणि पार्टिशन टेबल नसतानाही सी ड्राइव्ह उघडला. डी आणि ई यांचेही तसेच केले.

फायली नव्या एसएसडीवर उतरल्यानंतरची अडचण डीटीपीच्या धंद्यातली होती. जुन्या पत्रिका युनिकोड या सर्वत्र चालणाऱ्या अक्षरपद्धतीत नसून विशिष्ट मराठी फाँटमध्ये बसवलेल्या असतात. तो फाँट संगणकात नसला तर 'श्री गणेशाय नमः'च्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा काला दिसतो. मामांना वाटले की फायली खराबच आल्या. सी ड्राइव्हही प्रतिमेत असल्यामुळे विंडोजच्या फाँट्स फोल्डरमधून जुने फाँट काढता आले आणि पत्रिका पूर्वीसारख्या वाचता आल्या. केवळ 'कामाचा डेटा' म्हणून डी आणि ई एवढेच वाचवले असते, तर हे साधले नसते.

वाचता न आलेल्या जागी प्रतिमेत शून्ये असतात. त्यामुळे फाइलचा आकार बरोबर दिसतो आणि आत भोक असते. त्या जागांत डीडीरेस्क्यूच्या भरण्याच्या सोयीने एक खुणेचा शब्द भरला आणि सगळ्या फायलींत तो शोधला. काही छायाचित्रे आणि मोजक्या पत्रिका अशा सापडल्या. ज्यांच्या नोंदीच मास्टर फाइल टेबलमधून गेल्या होत्या, त्यांच्यासाठी टेस्टडिस्कबरोबर येणारा फोटोरेक चालवला. तो फाइलच्या आतली खूण ओळखून ती उचलतो, पण तिचे नाव त्याला कळत नाही, म्हणून 'एफ' अक्षरापुढे सेक्टरचा क्रमांक एवढेच नाव देतो. जेपीजी आणि पीडीएफ बऱ्याच परत आल्या. तुकड्या-तुकड्यांत साठवलेल्या फायली मात्र अर्धवटच निघाल्या, आणि कोणाची पत्रिका कोणती हे मामांनी आपल्या ऑर्डर बुकातून जुळवत नेले.

नवी डिस्क जीपीटी पद्धतीने मांडली आहे. या पद्धतीत टेबलची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी असते आणि दोन्ही प्रती बेरीज-तपासणीने पडताळल्या जातात. पहिला सेक्टर जाऊनही ही दुसरी प्रत शाबूत राहिली असती, तर टेस्टडिस्कने शोधलेले आकडे मला तयारच मिळाले असते. वाईट सेक्टरांमुळे प्रतिमा मात्र तेव्हाही घ्यावीच लागली असती. जुनी डिस्क पुन्हा वापरात आणायची मामांची इच्छा होती, पण स्मार्ट अहवालातला तो १९७ क्रमांकाचा आकडा प्रतिमा घेऊन झाल्यावर वाढलेला दिसला, तेव्हा त्यांनी स्वतःच ती बाजूला काढली.