तुम्ही विचारलंत म्हणून : जुन्या आवृत्त्या मी पुसत का नाही?

मी सांभाळत असलेल्या फाइल सर्व्हरवर एकाच सॉफ्टवेअरच्या दहा-बारा आवृत्त्या पाहून अनेक जण विचारतात, की त्या काढून ‘लेटेस्ट’ नावाची एकच फाइल का ठेवत नाही. जागा वाचेल आणि नवख्यांचा गोंधळ टळेल, हा त्यामागचा विचार मला पटण्यासारखा वाटतो. सुरुवातीला मीही त्याच वाटेने गेलो होतो. एका प्रोग्रॅमच्या १.४ आवृत्तीत किरकोळ चूक सापडली, तेव्हा ती दुरुस्त करून मी नवा टारबॉल (अनेक फायली एकत्र बांधलेली एकच फाइल) जुन्याच नावाने चढवला. दोन दिवसांनी एका वापरकर्त्याने आपल्या दोन संगणकांवरचे एसएचए-२५६ चेकसम, म्हणजे फाइलमधल्या मजकुरावरून गणिताने काढलेली तिची ओळखखूण, मला पाठवले. नाव तेच, आवृत्ती तीच, पण ६४ अक्षरांची ती ओळ पहिल्या अक्षरापासूनच वेगळी. फाइलमध्ये मध्येच कोणीतरी ढवळाढवळ केली असावी, या धास्तीने त्याने काम थांबवले होते, आणि ते योग्यच होते. तेव्हापासून एकदा लोकांच्या हाती गेलेल्या नावाखालची फाइल मी बदलत नाही. दुरुस्ती झाली की १.४.१.

फायली कुठे ठेवायच्या, हे मात्र मी डेबियन या लिनक्स प्रणालीच्या संग्रहाकडून शिकलो. तिथे पूर्वी पॅकेज (एखाद्या प्रोग्रॅमची बसवायला तयार फाइल) ज्या वितरणाचे, म्हणजे ‘स्टेबल’, ‘टेस्टिंग’ अशा ज्या शाखेचे असेल त्याच्याच डिरेक्टरीत राहत असे. ते दुसरीकडे हलवले की फाइलचा पत्ता बदले आणि जगभरच्या मिररना (संग्रहाची प्रत ठेवणाऱ्या सर्व्हरना) तीच फाइल पुन्हा उतरवावी लागे. २००० साली ‘पूल’, म्हणजे सगळ्या वितरणांचा एकच सामायिक साठा, आला. आता फायली पूलमध्ये जागच्या जागी राहतात आणि कोणत्या वितरणात काय आहे, हे वेगळ्या याद्या सांगतात. पूलची विभागणी पहिल्या अक्षराने होते, पण ‘लिब’ने सुरू होणारी नावे इतकी, की त्यांच्यासाठी चौथे अक्षरही धरावे लागले. मिरर ताजा करतानाही आधी पॅकेजे आणि मग याद्या उतरवतात, म्हणजे यादीत आहे पण सर्व्हरवर नाही, अशी फाइल कोणाच्या वाट्याला येत नाही. हा क्रम मला फार मोलाचा वाटतो. घाईत तो उलटा केला, की तक्रारींची रांग लागते.

टारबॉल उघडल्यावर सगळे काही नाव आणि आवृत्ती असलेल्या एकाच डिरेक्टरीत उतरले पाहिजे, एवढाही माझा आग्रह असतो. ज्याच्या होम डिरेक्टरीत दोनशे सुट्या फायली विखुरल्या आहेत, त्याला त्याचे कारण सांगावे लागत नाही.

सुरक्षेचा दोष निघालेली आवृत्तीही मी ठेवतो, कारण जुनी अडचण तपासणाऱ्याला नेमकी तीच हवी असते; मात्र तिथल्या ‘रीडमी’ या माहितीच्या फाइलच्या पहिल्याच ओळीत तसा इशारा लिहितो. रोज रात्री आपोआप तयार होणारे चाचणीचे बिल्ड तेवढे महिन्याभराने काढतो. ज्यांना खरोखर सर्वांत नवे हवे असते, त्यांच्यासाठी त्याच डिरेक्टरीत एक लहानशी मजकूर फाइल आहे, जिच्यात चालू आवृत्तीचा क्रमांक असतो आणि दुसरे काहीही नसते.